आडवं तळं

सदू मास्तर गेल्याची बातमी आली तेव्हा मी माळावर मेंढरं पाजत होतो. आमच्या वडूज गावातून धावत आलेला त्याचा पुतण्या लांबूनच म्हणाला, "आबा, काका गेलं." मेंढरं पीतच राहिली. ज्या तळ्यात ती पीत होती, त्याचीच गोष्ट सांगायची आहे... तो असताना सांगायला हवी होती.

आमच्या माळावर अंड्यासारखी लांबट, उथळ तळी आहेत, सगळी दक्षिणोत्तर. ती कुणी केली, कुणालाच ठाऊक नाही. आम्ही धनगर म्हणतो, बिरोबाची मेंढरं बसली आणि त्यांच्या अंगाखाली जमीन दबली. सदू माझा शाळासोबती, पण मास्तर झाल्यावर तो याला हसायचा. "तुझ्या देवाची मेंढरं लय वजनाची रं," म्हणायचा. त्याच्या मते पश्चिमेचा वारा पाणी घुसळतो आणि ते पाणी बाजूंना वळून तळ्याची उत्तर-दक्षिणेची दोन्ही टोकं खात जातं, म्हणून ती लांबतात. काठावर बसून तो आपली काठी तळ्याच्या लांबीला धरून जमिनीवर निजवायचा. तिचं टोक उत्तरेला आलं की पोरासारखा खूश व्हायचा.

पुढं त्याची सांगलीला बदली झाली. इकडे लढाईच्या दिवसांत पाऊस दडला, मेंढरं मरायला लागली. गायरानात खणायला गावाची, म्हणजे पाटलांची, बंदी होती. मी माळाच्या पलीकडच्या अंगाला, कुणी फिरकत नाही तिथं, माती ओढायच्या रुंद फळीला, केणीला, बैल जुंपून माती ओढली. बैल पूर्व-पश्चिम येरझारा घालत राहिले, तसं तळंही लांबट झालं... पण आडवं. दोन पावसाळ्यांत त्याच्या काठांवर गवत चढलं आणि ते जुन्यासारखंच दिसू लागलं.

परत आल्यावर सदूला ते दिसलं. काठी निजवून तो कितीतरी वेळ उकिडवा बसून राहिला. वारा तोच, माती तीच, मग हे एकच असं का? चावडीवर कुणीतरी विचारलं, मास्तर, ह्यातलं मेंढरू आडवं बसलं व्हय? सगळ्यांबरोबर तोही हसला. मीही हसलो. त्यानंतर तो माळावर आला नाही. वर्गात पोरांना तळ्यांचं सांगायचा, तेही त्यानं सोडलं.

हिवतापानं त्याला अंथरुणाला खिळवलं तेव्हा भेटायला गेलो. "गड्या," तो म्हणाला, "ते आडवं कुठनं आलं असंल रं?"

शब्द ओठांवर आले होते. पण उंबऱ्याशी पाटील बसले होते.

"बिरोबाला ठावं," मी म्हणालो. त्यानं भिंतीकडे तोंड फिरवलं.

तेराव्यानंतर मी पाटलांना सगळं सांगितलं. त्यांनी पान चघळत ऐकून घेतलं. "असू दे रं, ढोरं पित्यात न्हवं," म्हणाले. एवढंच... एवढ्यासाठी मी गप्प बसलो होतो.

पुतण्यानं त्याची काठी मला आणून दिली. काकानंच सांगून ठेवलं होतं म्हणे. ती दाराशी टेकवून ठेवली आहे. रोज मेंढरं पाजायला मी त्याच तळ्यावर जातो. काठी मात्र घरीच ठेवतो.