नानांच्या गाडीची झडप

नाना मला बघायला आले आणि मला सोडून माझ्या वडिलांची जीप बघत बसले. पाटणला आमच्या दारातच ती उभी असायची. पाहुणे मंडळी आत पोहे खात होती आणि माझे होणारे सासरे बाहेर बोनेट उघडून आत डोकं घालून उभे. पोहे गार झाल्यावर हात पुसत आत आले, माझ्यासमोर बसले आणि म्हणाले, "पोरी, गाडी येती का चालवायला?" आई मागून खोकली. मी म्हटलं, "येते. घाटात पण येते." "मग झालं," नाना म्हणाले. माझा नवरा कोपऱ्यात बसला होता, त्यालाही मला दोन-चार गोष्टी विचारायच्या होत्या म्हणे. त्या त्याने अजून विचारलेल्या नाहीत.

नाना सैन्यात ड्रायव्हर होते, हवालदार होऊन निवृत्त झाले. बर्फातून, दरडीतून ट्रक नेलेला माणूस. सासूबाई गेल्या तेव्हा गाव सोडून सांगलीला, विश्रामबागेत आमच्या फ्लॅटवर राहायला आले, ते एक ट्रंक आणि आपली पांढरी गाडी घेऊन. ट्रंकेला पलंगाखाली जागा मिळाली. गाडीला मात्र खालची सावलीची जागा मिळावी म्हणून सोसायटीच्या चेअरमनशी भांडले, आणि जिंकले. दर आठवड्याला ते औंधाकडे, आपल्या गावी जायचे. भावाबरोबर उसात एक चक्कर, यमाईच्या डोंगरावर एक चक्कर, की आठवडाभर माणूस खूश. एरवी फ्लॅटमध्ये त्यांचा जीव रमायचा नाही. "हितं मी म्हंजे पाहुण्यानं इसरून गेल्यालं गाठोडं," असं म्हणायचे. ऐकताना मला राग यायचा, पण ते खोटं नव्हतं.

त्यांच्या गाडीत उठलं आणि बसलं, असं चालायचं नाही. निघण्याआधी नाना गाडीभोवती एक फेरी मारणार, चारी चाकांना पायाने ढोसणार, खाली वाकून तेल गळतंय का ते बघणार. तोवर सगळ्यांनी लग्नातल्या वऱ्हाडासारखं बाहेर ताटकळायचं. एकदा मला बँकेत कामावर जायला उशीर होत होता म्हणून मी कुरकुरले, तर म्हणाले, "निघताना जो घाई करतो, त्योच वाटंत बसून रडतो." बँकेत पोचेपर्यंत मग मी तोंड फुगवून बसले. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही.

गॅरेजवाल्यांवर त्यांचा भरवसा नव्हता, आणि त्याला कारण होतं ती झडप. इंजिनात हवा सोडणारी जी चकती असते, तिला नाना झडप म्हणायचे. हल्लीच्या गाड्यांत ती तारेने ओढली जात नाही, कॉम्प्युटरच्या हुकमाने मोटर फिरवते. तिच्या कडेला काजळी धरते आणि मग उभी गाडी थरथरायला लागते. एकदा एका गॅरेजमधल्या माणसाने ती झडप बोटाने फटाफट उघडमिट करून, वर भसाभस स्प्रे मारून साफ करून दिली आणि लगेच गाडी रेस केली. नंतर चार दिवस ती गाडी अशी वागली की विचारू नका. सिग्नलला उभी असली तरी आतून सुसाट ओरडायची, ब्रेकवरचा पाय काढला की सुटल्या बैलागत पुढं धावायची. नानांनी त्या माणसाला जाऊन जे काही सुनावलं ते मला लिहिता येणार नाही. तेव्हापासून ते काम त्यांच्याशिवाय कुणी करायचं नाही असा घरात कायदाच झाला.

मग त्यांच्या डोळ्यांचं सुरू झालं. आधी आमच्या शेजारणीची तुळशीची कुंडी गाडीखाली गेली. "कुंडी कुनी सरकवली?" नाना उलट शेजारणीलाच विचारत होते. मग सोसायटीच्या गेटला गाडी घासली, तर गेटच वाकडं बसवलंय म्हणाले. शेवटी मी त्यांना मिरजेला डॉक्टरांकडे नेलं. काचबिंदू निघाला. समोरचं दिसतं, पण कडेचं गेलं, अंधुक उजेडात तर आणखी कमी. गाडी बंद करा, असं डॉक्टर स्पष्ट म्हणाले. नाना तेव्हा भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होते, जणू दुसऱ्याच कुणाबद्दल बोलणं चाललंय.

घरी आल्यावर त्यांनी तो विषय काढला नाही. आम्हीही काढला नाही. नवरा पुण्याला नोकरीला, शनिवारी यायचा. तो मला म्हणाला, "तू सांग. तुझं ऐकतात." मी म्हटलं, "बाप तुझा आणि वाईटपणा मी घेऊ का?" खरं सांगायचं तर मलाही धीर होत नव्हता. गाडी काढून घेतली की नाना औंधाला जाणार कसे, आणि औंधाला गेले नाहीत तर त्या फ्लॅटमध्ये जगणार कसे? दुसरीकडे, रस्त्यावर कुणाचं लेकरू आडवं आलं तर? या विचाराने माझी झोप उडाली होती.

त्यातच गाडी पुन्हा थरथरायला लागली, उभ्या उभ्या बंद पडायला लागली. नवऱ्याला वाटलं, देवच पावला. "राहू दे तशीच बिघडलेली," तो स्वयंपाकघरात हळूच म्हणाला, "सामान मिळत नाही म्हणून सांगू. आपोआप सुटेल त्यांचं." मी त्याला लाटणंच दाखवलं. म्हटलं, जन्मभर ज्याने गाड्या चालवल्या, त्याला गाडीवरून फसवायला निघालास, लाज वाटत नाही का? तोडगा मात्र माझ्याकडेही नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी, नवरा अजून झोपलेला असताना, नानांनी मला खाली हाक मारली. बॅटरीची तार सोडवलेली होती, हवेचा रबरी नळा बाजूला काढलेला. माझ्या हातात टॉर्च दिली आणि स्वतः फडकं घेऊन झडप पुसायला लागले. मी बघत होते. ते मधला चकचकीत भाग पुन्हा पुन्हा पुसत होते आणि कडेची काळी रेघ तशीच होती. फडकं बाहेर काढून ते म्हणाले, "झाली बघ साफ." "नाना, कडेला थोडं राहिलंय," एवढंच मी म्हटलं.

नानांनी फडकं माझ्या हातात दिलं आणि टॉर्च आपण घेतली. "तू पूस. स्प्रे फडक्यावर मारायचा, झडपंवर न्हाई. बाजूला मोटर हाय, तितं वल जाता कामा नये. आन् बोटानं ढकलू नगं, आत पलास्टिकचं दात हायती, एक मोडला की गाडी गेली." मी पुसत होते आणि ते टॉर्च भलतीकडेच धरून मला शिकवत होते. मी एका हाताने त्यांचं मनगट जरा जरा वळवून घेत होते. काजळी सगळी निघाली तेव्हा मीच त्यांचं बोट धरून त्या कडेवर अलगद टेकवलं. "हां, आता झाली," ते म्हणाले.

सगळं वाळू दिलं, नळा घट्ट बसवला, तार जोडली. मला वाटलं, झालं. मी चावी फिरवणार तोच ओरडले, "दमानं! नुसती चावी लाव, इंजिन चालू करू नगं." थोड्या वेळाने चावी बंद, मग परत लावून इंजिन चालू. एसी बंद, पाय पेडलवरून खाली. "रेस दिलीस तर बघ. काजळी हुती तवा कॉम्प्युटर झडप जरा जादा उघडी ठेवत हुता. आता वाट मोकळी झाली, हे त्याला कळाय नगं का? त्याचं त्यो शिकंल, आपून मधी पडायचं न्हाई." गाडी आधी जोरात घोंघावली, मग खाली आली, पुन्हा थोडी वर गेली. नाना बोनेटवर हात ठेवून उभे. पंखा सुरू होऊन बंद झाला, मग त्यांनी एसी लावायला सांगितला, गाडी किंचित दबली आणि सावरली. त्यानंतर तिचा आवाज असा एकसारखा लागला की मलाही बरं वाटलं.

आणि लगेच डॉक्टरांचं बोलणं आठवलं. गाडी दुरुस्त झाली होती. आता ते चावी घेणार आणि औंधाला निघणार. आज नाही बोललं तर कधीच बोलणं होणार नाही. मी म्हटलं, "नाना, ते डॉक्टर म्हणत होते की..."

"मी बी तितंच बसलो हुतो की गं," नाना म्हणाले. "डोळं माझंच तपासत हुते. आन् तुमी नवरा-बायकू सैपाकघरात काय बोलता तेबी ऐकू येतं. मला दिसाय कमी येतं, ऐकाय न्हाई."

मी शरमेने मेले. "मग गाडी कशाला नीट केलीत?"

"बिघडल्याली गाडी दुसऱ्याच्या ताब्यात देत न्हाईत," ते म्हणाले. "पलटणीत असं केलं असतं तर सायबानं सोलून काढला असता. आता ही नीट हाय. घे तुझ्या ताब्यात."

मी ड्रायव्हरच्या सीटवर तशीच बसून राहिले. नाना बोनेटला हात लावत लावत समोरून फिरून पलीकडे गेले, डावीकडचं दार चाचपून उघडलं आणि आत बसले. "काय बघतीस? रविवार हाय, बँक न्हाई तुजी. चल औंधला."

पुढची तीन वर्षं, नाना गेले तोवर, दर रविवारी आम्ही दोघं औंधाला जात होतो. नवरा आला तर मागच्या सीटवर झोपायचा. पण त्या पहिल्या रविवारसारखा प्रवास पुन्हा झाला नाही. तासगावपर्यंत नाना मला सांगत होते की फौजेत ड्रायव्हरच्या बाजूला बसणाऱ्याला को-ड्रायव्हर म्हणतात, त्याने झोपायचं नसतं, आणि डावीकडचा रस्ता बघून सांगायची जबाबदारी त्याची. माझा ऊर अभिमानाने भरून आला होता, त्यांचाही. विट्याच्या अलीकडे एका फाट्यावर मी गाडी थांबवली. त्यांनी मान डावीकडे वळवली, खिडकीकडे झुकले आणि बघत राहिले. मान थोडी थोडी फिरवत बराच वेळ रस्ता शोधत राहिले. मागून ट्रॅक्टरवाला हॉर्न द्यायला लागला, तरी मी गाडी हलवली नाही.

मग नाना सरळ बसले आणि समोर बघत हळू आवाजात म्हणाले, "पोरी, डावीकडचं बी आता तूच बघत जा."

मी डोळे पुसले, दोन्हीकडचं बघितलं आणि गाडी पुढे घेतली.