ओठांत बसणारा शब्द

आमच्या डबिंग स्टुडिओत तिला सगळे 'किंकाळी' म्हणतात. खुनाच्या विनोदी सिनेमात प्रेत सापडलं की किंचाळायचं, हे तिचं तीस वर्षांचं काम. घरी मात्र झुरळ दिसलं तरी आवाज चढवत नाही; चप्पल उचलते आणि विषय संपवते. मी तिचा रेकॉर्डिस्ट. शिवाय तिच्याच घरात, वरच्या खोलीत, तिच्या मुलाशी अकरा वर्षं संसार करणारा माणूस.

हे तिला ठाऊक आहे, ती काही दूधखुळी नाही. मला ताप आला की उशाशी बसते, न विचारता माझे शर्ट इस्त्रीला टाकते. पण दारात कुणी "हा कोण?" असं विचारलं की उत्तर ठरलेलं, "भाडेकरू." दर वेळी ते मला लागतं. लोकांसमोर एकदा तरी तिनं मला घरचं म्हणावं, एवढंच मला हवं होतं. मागायची छाती मात्र कधी झाली नाही.

परवा एक सिनेमा आला. दोन बाप, त्यांची पोरगी, खाष्ट आजी आणि कपाटात मेलेला वकील. आजीचा आवाज अर्थातच किंकाळीचा. कपाट उघडलं आणि ती अशी किंचाळली की इतक्या वर्षांची सवय असूनही मी खुर्चीतून उडालो. पुढे पडद्यावरचा इन्स्पेक्टर आजीच्या मुलाच्या नवऱ्याकडे बोट दाखवतो, "आणि हा कोण?" कागदावर उत्तर होतं, 'मित्र.'

"काकू, बसत नाही गं," मी काचेपलीकडून म्हणालो. "आजीचे ओठ मिटतच नाहीत. 'म' चालणार नाही."

"मग भाडेकरू?" सवयीनं तिच्या तोंडून निघून गेलं.

"'भ'लाही ओठ मिटतात." माझा आवाज मलाच चिरका वाटला.

तिनं चष्मा काढून पुसला. मी तोच तुकडा पुन्हा लावला. तिनं पडद्याकडे पाहिलंच नाही, काचेतून सरळ माझ्याकडे पाहिलं.

"जावई."

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. कानावर विश्वास बसेना.

"बसला का?"

"बसला," कसाबसा म्हणालो आणि खाली पाहिलं. रेकॉर्डचं बटण मी दाबलंच नव्हतं! असा गाढवपणा जन्मात केला नव्हता.

"काकू, रेकॉर्ड नाही झालं. पुन्हा म्हणशील?"

"पुन्हा?" तिनं ठेवणीतली किंकाळी फोडली. "एकदा म्हणायला अकरा वर्षं लागली रे मेल्या!"

दार धाडकन उघडलं. त्याच दिवशी कामावर लागलेला वॉचमन दांडकं घेऊन आत घुसला आणि माझ्यासमोर उभा राहिला. "बाई, काय झालं? हा कोण?"

मी काचेपलीकडे तिच्याकडे पाहिलं.

"जावई आहे माझा," ती म्हणाली. "बटण दाबायला विसरलाय."