वसूचा पाय आणि होडीचा पिक्चर

दोष तात्यांचा. हे आधीच सांगून टाकतो, कारण आमच्या चाळीत गोष्ट संपेपर्यंत दोष कुणातरी पोरावर ढकललेला असतो.

काळाचौकीला किस्से साठवावे लागत नाहीत. संध्याकाळी गॅलरीच्या कठड्याला टेकून चार जण उभे राहिले की एक किस्सा तयार, आणि पाचवा आला की त्याच किश्श्याला शेपूट! त्या वर्षी विषय दोनच होते. संयुक्त महाराष्ट्र आणि होडीचा पिक्चर. पिक्चरचं खरं नाव लांबलचक उर्दू, ते कुणालाच धड म्हणता येईना. नावाड्याची मुलगी, सगळी गोष्ट होडीत, आणि जरा कुठे दोघं बोलायला लागले की गाणं. म्हणून होडीचा पिक्चर.

तात्या म्हणजे आमच्या चाळ कमिटीचे अध्यक्ष, गिरणीच्या ऑफिसातून रिटायर झालेले हेडक्लार्क. मी कॉलेज अर्ध्यात सोडलेलं, म्हणून मला हाक मारायची ती "काय विद्वान!" अशी. मीही त्यांना मनातल्या मनात बऱ्याच हाका मारायचो.

*

वसू माझा शाळेपासूनचा दोस्त. होडीच्या पिक्चरच्या पहिल्या दिवशी आम्ही लालबागच्या थेटरवर रांगेत होतो. रेटारेटी झाली, पोलिसानं लाठी उगारली, वसू वाट काढायला भिंतीवर चढला आणि पलीकडे पडला. पायाचं हाड मोडलं. कंबरेपासून घोट्यापर्यंत प्लास्टर!

आठवड्यानं मैदानात संयुक्त महाराष्ट्राची सभा झाली. तात्या माईकसमोर उभे राहिले आणि छाती काढून म्हणाले, "आमच्या चाळीचा वसंता आज लाठीहल्ल्यात जायबंदी होऊन पडला आहे!"

टाळ्या थांबेनात. खाली उतरल्यावर मी त्यांना बाजूला घेतलं. "तात्या, कसला लाठीहल्ला?"

"पोलीस होता की नाही?"

"होता."

"लाठी उगारली की नाही?"

"उगारली. पण तिकिटाच्या रांगेत!"

"विद्वान," तात्या म्हणाले, "रांग कसली होती हे लाठीला कळतं का?"

*

दुसऱ्या दिवसापासून वसूकडे माणसांची रीघ लागली. कुणी संत्री आणतंय, कुणी नारळ. एका मंडळानं तर शाल दिली. वसूची आई भोळी, ती प्रत्येकाला चहा करून डोळे पुसायची. वसू लाजून भिंतीकडे तोंड करून पडायचा, तर लोक म्हणायचे, "बिचाऱ्याला फार दुखतंय."

तात्यांनी त्याला बजावून ठेवलं होतं. "थेटराच्या दिशेनं बघायचंसुद्धा नाही! उद्या कुणी म्हणालं, जखमी सैनिक नट्या बघत फिरतोय, तर समितीचं नाक जाईल."

ज्या पिक्चरसाठी पाय मोडला, तोच बघायची बंदी. वसू एवढंच म्हणाला, "प्लास्टर निघेपर्यंत राहील ना रे पिक्चर?"

*

मग आम्ही रोज संध्याकाळी त्याच्या खाटेभोवती बसून त्याला पिक्चर सांगायला लागलो. बंड्या गिरणीत दुपारपाळीला असायचा. मूळचा मालवणचा, रागावला की थेट मालवणीत. सुट्टीच्या दिवशी तो साडी गुंडाळून होडी वल्हवायचा आणि मी नावाडी बाप व्हायचो. साडी वसूच्या आईची. तीही दारात उभी राहून बघायची.

शेवटावरून मात्र भांडण झालं. बंड्या म्हणाला, "ती बुडता रे शेवटाक!"

खालच्या मजल्यावरचा म्हणाला, तिचं लग्न होतं. तिसरा म्हणाला, ती आंधळी होते.

चौकशी केली तेव्हा उलगडा झाला. सगळे दुपारच्या शोला जाणारे. पिक्चर लांब, शेवटचं गाणं सुरू होतं न होतं तोच गिरणीचा भोंगा व्हायचा, की निम्मं थेटर उठून पाळीवर, आणि उरलेलं, माझ्यासकट, त्यांच्या लोंढ्यात बाहेर! नटी तिकडे पडद्यावर जीव तोडून गातेय आणि इकडे खुर्च्या फटाफट मिटतायत. अख्ख्या लालबागला पिक्चरचा शेवट ठाऊक नव्हता!

"मग ती बुडते हे तुला कुणी सांगितलं?" मी बंड्याला विचारलं.

"इतक्या चांगल्या पोरीचा आणखी काय होतला?" बंड्या म्हणाला. आणि त्याचे डोळे भरून आले.

*

एवढ्यात बक्षिसांचे दिवस आले. एक इंग्रजी मासिक वाचकांची मतं मागवून नटनट्यांना बक्षिसं द्यायचं. थेटरच्या मॅनेजरनं आम्हाला सांगून टाकलं, "तुमच्या होडीवालीला बक्षीस लागलं तर पाडव्यापर्यंत पिक्चर हलवत नाही. नाहीतर शुक्रवारी दुसरा."

वसूचं प्लास्टर पाडव्याच्या आधी निघणार होतं. झालं! आम्ही कमिटीच काढली. दुसरं काही आम्हाला येतच नव्हतं. मासिकातलं कूपन कापून मत पाठवायचं, म्हणून सलूनमधले, इराण्याकडचे, डॉक्टरच्या बाकावरचे, सगळे अंक कापून आणले. पोरांनी गल्लीतून फेरी काढली, "होडीवालीला बक्षीस मिळालंच पाहिजे!" चाल तीच, घसा तोच.

तात्या भडकले. "महाराष्ट्र पेटलाय आणि तुम्हाला बाया सुचतात?"

खाटेवरून वसू म्हणाला, "तात्या, दोन्ही मिळालं पाहिजे."

खुद्द वसूचं मत मात्र होडीवालीला नव्हतं, म्हाताऱ्या नावाड्याचं काम करणाऱ्या नटाला होतं. बंड्या चिडला. "तू पिक्चर बघलंस तरी काय रे?"

"नाही बघितला म्हणून तर सांगतो," वसू म्हणाला. "तुम्ही सगळे तिचंच सांगता. म्हाताऱ्याचं सांगायला लागलात की तुमचा आवाज खाली येतो. म्हणजे तोच भारी असणार!"



*

एका सकाळी तात्या गॅलरीत दाढी करत होते आणि गुणगुणत होते. होडीचंच गाणं! मी कान दिला. पहिलं कडवं झालं, दुसरं झालं, आणि तात्यांनी तिसरं धरलं.

"तात्या," मी म्हणालो, "रेकॉर्डवर दोनच कडवी आहेत. तिसरं फक्त पिक्चरमध्ये."

वस्तरा थांबला. अर्ध्या गालाला साबण. "थेटराजवळ सभा घ्यायची होती. जागेची पाहणी करायला गेलो होतो."

"आत?"

"आतूनही करावी लागते!"

एवढं पकडल्यावर माणूस चार दिवस तोंड लपवेल की नाही? पण त्या संध्याकाळी तात्या चोरासारखे वसूच्या खाटेपाशी येऊन बसले. त्यांना पाळी नव्हती, भोंगा नव्हता. चाळीत शेवट बघितलेला माणूस तो एकच. हळूच म्हणाले, "वसंता, सांगू का शेवट?"

वसूनं दोन्ही कानांवर हात ठेवले. "नको, तात्या. तेवढा मी बघणार."

 तात्या त्याच्या प्लास्टरवरून हात फिरवून उठून गेले. हा माणूस वाईट असता तर बरं झालं असतं. नुसता राग धरून मोकळा झालो असतो.

*

होडीवालीला बक्षीस लागलं नाही. म्हाताऱ्या नावाड्यालाही नाही. पिक्चर शुक्रवारी उतरणार होता.

गुरुवारी मी आणि बंड्यानं मसाल्याच्या कांडपवाल्याची हातगाडी आणली. बंड्यानं पाळी बुडवली. वर गादी टाकली, वसूला बसवलं, पायावर चादर. मिरचीच्या खकाण्यानं तो शिंकत होता आणि हसत होता. त्याच्या आईनं त्याचा भांग पाडून दिला, इस्त्रीचा सदरा घातला. तिकिटं माझ्या खिशात होती.

नाक्यावर एकानं ओळखलं. "अरे, हा लाठीहल्ल्यातला वसंता!"

फुलवाल्यानं हार घातला. दहा माणसं झाली, मग पन्नास, मग मोजता येईनात. घोषणा सुरू झाल्या. "तुम्ही दमलात, आता आम्ही ओढतो," असं म्हणत कुणीतरी माझ्या हातातून गाडीचा दांडा घेतला. गाडी मैदानाकडे वळायला लागली. बंड्या ओरडत होता, "अरे, आमका पिक्चराक जावचा आसा!" पण त्या गजरात ऐकतो कोण?

समोरून तात्या धावत आले. गादी बघितली, इस्त्रीचा सदरा बघितला, माझ्याकडे बघितलं. सगळं समजलं त्यांना. त्यांचा एक शब्द झाला असता तर लोकांनी गाडी सोडली असती.

"तात्या," वसू गाडीवरून म्हणाला, "सांगा ना त्यांना."

तात्यांनी त्याच्याकडे बघितलं. मग गर्दीकडे बघितलं. ओठ हलले. आणि त्यांनी मूठ वर केली. "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र..."

"झालाच पाहिजे!"

गाडी थेटरसमोरून गेली. उकाड्यामुळे दारं उघडी होती, आतून गाणं ऐकू येत होतं. वसूनं मान वळवून दाराकडे हात उंच केला आणि तसाच धरला. त्याला वाटलं असेल, आत कुणी बघेल आणि गाडी थांबवेल. लोकांना वाटलं, तो सलाम करतोय. शेकडो हात वर झाले.

पिक्चर दुसऱ्या दिवशी उतरला. वसूनं तो अजून बघितलेला नाही.