खंडेनवमीचं पाणचाक
आज खंडेनवमी. ओढ्यावरचं पाणचाक काढून रॉकेलच्या फडक्यानं पुसायला घेतलं, आणि त्या वासासरशी चाकाच्या पहिल्या वर्षीची खंडेनवमी आठवून पुन्हा डोकं तापलं. सायकलची रिम, तेलाच्या डब्याचे कापलेले पत्रे आणि जुना डायनामो जोडून मी ते चाक महिनाभर खपून बनवलं होतं. पत्र्यानं बोटं कापली, पण लाईट गेली तरी गोठ्यातला दिवा जळायला लागला. मी पत्रे कापत असताना धाकटे दीर हसायचे, "वहिनी, कामून खेळायलाव पत्र्यांशी?" खंडेनवमीला मात्र विळे-कुदळींशेजारी चाक पूजेला मांडलं, झेंडूची माळ घातली, तेव्हा तेच दीर पाव्हण्यांना सांगायला लागले, "मीच बनवलो की हे!" माझ्या हातात आरतीचं ताट होतं, म्हणून आधी आरती पुरी केली. दुसऱ्या दिवशी उजाडताच मी चाकाचा नट न् नट सोडवला, सगळं परातीत भरलं, वर पान्हा ठेवला आणि ओसरीवर दिरांपुढं नेऊन म्हणाले, "भाऊजी, तुम्हीच केलाव न्हाई का? मग जोडा." पाव्हणे तिथंच चहा पीत बसले होते. मी आत जाऊन भाकरी थापायला घेतल्या.