श्योवातच्या मयताचं पिंप

श्योवातला मरायची भीती नव्हती. आपण मेल्यावर लोक मोन्सची बिअर पितील, या विचारानं मात्र त्याची झोप उडायची.

मोन्स म्हणजे त्याची बायको गुन्वोर हिचा धाकटा भाऊ, ओढ्यापलीकडच्या घरात राहणारा. आमच्या दरीत मयताला आलेल्या माणसाला घरची बिअर द्यावी लागते. घरधनीच शवपेटीत असला तर ती करायचं काम जवळच्या नातलगाकडे जातं, आणि श्योवातला मोन्सशिवाय जवळचं कुणी नव्हतं. आता हा मोन्स बिअर करायचा विजेच्या पेटीत. पेटीला वायर, वायरला तापमापक, मापकाचा आकडा मोबाईलवर. दुकानातलं पुडीतलं यीस्ट घालायचं, गारेगार ठेवायचं आणि आठवडेच्या आठवडे मोबाईलकडे बघत बसायचं. "ती बिअर नाही, इस्पितळातला पेशंट आहे," असं श्योवात म्हणायचा, आणि तेही मोन्सच्याच घरी, मोन्सचाच पेला हातात धरून.

श्योवातकडे होतं बापाकडून आलेलं विरजण. दह्याला जसं विरजण लागतं तसंच हे, फक्त वाळवून कापडात गुंडाळलेलं. याला ऊब लागते. माल्टचा, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या जवाचा, गोड काढा तान्ह्या बाळाच्या अंघोळीच्या पाण्याइतका कोमट झाला की ते आत सोडायचं. श्योवात तो कोमटपणा कोपर बुडवून बघायचा, थर्मामीटरला त्यानं कधी उंबरा ओलांडू दिला नाही. मग पिंपाला गोधड्या, मेंढीची कातडी, वर स्वतःचा लष्करातला जुना कोट. सकाळपर्यंत फेस उतू जायचा. आणि विरजण सोडताना पिंपात तोंड घालून बेंबीच्या देठापासून ओरडायचं, ही आमची रीत. जितकी मोठी आरोळी तितकी जोमदार बिअर. श्योवात ओरडला की तळ्यापलीकडची कुत्री भुंकायची. आयुष्यात त्याला मिळालेला मान म्हणाल तर तेवढाच, पण त्यावर तो खूश होता.

ख्रिसमस उलटला आणि बेर्गनच्या डॉक्टरांनी सांगितलं की हृदयाची झडप गेली आहे, छाती उघडून नवी बसवावी लागेल. या वयात धोका आहे, हेही सांगितलं. तारीख मिळाली. परतीच्या गाडीत श्योवातनं बोटांवर दिवस मोजले. मग म्हणाला, तारखेच्या आधी एक पिंप होऊन जाईल. बाटल्या भरून तळघरात ठेवतो. मग खुशाल मरायला मोकळा.

घरी येऊन गुन्वोरनं बटाटे सोलायला घेतले, आणि इतके सोलले की पुढचे कितीतरी दिवस घरात सकाळ-संध्याकाळ बटाटेच होते.

ओझं उचलू नका, दगदग करू नका, असं डॉक्टरांचं सांगणं होतं. ओरडू नका, हे गुन्वोरनं स्वतःच्या पदरचं घातलं. श्योवातनं मान डोलावली आणि दुसऱ्याच दिवशी चूलघरात कढई चढवली.

थंडी अशी पडली होती की दाराच्या कडीला ओला हात लावायची सोय नव्हती. तळं गोठून कडक झालेलं. चूलघर म्हणजे अंगणातलं दगडी खोपट; आग पेटली की उबदार, विझली की थडगं. दरवर्षी पिंप उंच लाकडी घडवंचीवर ठेवायचं आणि काढ्याच्या बादल्या वर उचलून ओतायच्या. या वर्षी उचलणार कोण? मोन्सला हाक मारली असती तर तो ओढा ओलांडून धावत आला असता. पण आपल्या मयताच्या बिअरला मोन्सचा हात? श्योवातनं घडवंची बाजूला सारली, पिंप सरळ फरशीवर ठेवलं आणि लोटीलोटीनं काढा भरला. दर थोड्या वेळानं भिंतीला टेकून दम खात होता. कोपर बुडवलं, विरजण सोडलं. ओरडायला तोंड उघडलं तर दारात गुन्वोर, हाताची घडी घालून उभी. मग पिंपाच्या कानात कुणाची चहाडी सांगावी तसं काहीतरी तो पुटपुटला. सगळ्या गोधड्या वरून घातल्या, कोट चढवला आणि घरात येऊन झोपला.

सकाळी फेस नाही. दुपारीही नाही. कान लावला तर आत शांतता. होतं तेवढं सगळं विरजण त्यानं पिंपात सोडलं होतं, घरात चिमूटही शिल्लक नव्हतं. बापाचं विरजण आपल्या हातून मेलं, आणि आपण सुरीखाली गेलो की मोन्स पुडी फोडणार. त्याला रडूच आलं. रडू आल्याचा राग आला आणि त्या रागात त्यानं पिंपाला लाथ घातली. लागली त्यालाच.

त्याचं म्हणणं एकच: ओरडलो नाही म्हणून विरजण जागं झालं नाही. चूक गुन्वोरची. आता ओरडतो, मग हृदय फुटलं तर फुटू दे.

गुन्वोरनं त्याला एका हातानं मागे सारलं, खाली वाकली आणि पिंपाच्या बुडाशी हात घातला. मग तिनं नवऱ्याकडे असं पाहिलं की तो कोट सावरू लागला.

"दगडावर ठेवलंस?" ती म्हणाली. "वरून कोट घातलास आणि खाली बर्फासारखी फरशी? अरे, तू स्वतःही तसाच. लग्न झाल्यापासून बघतेय, डोक्याला लोकरीची टोपी घालून झोपतोस आणि उघडे थंडगार पाय माझ्या पोटऱ्यांना लावतोस."

श्योवात म्हणाला की पायांचा इथे काय संबंध. पण हात लावून त्यानंही पाहिलं. बूड गारठलेलं होतं. रात्रभर फरशी खालून ऊब पीत बसली होती, आणि हा मूर्ख वरून गोधड्या चढवत होता. भरलं पिंप आता दोघांच्यानं हलणार नव्हतं. गुन्वोरनं त्याला विचारलंही नाही. तिनं फोन उचलला.

मोन्स आला. मापक खिशात घेऊनच आला, पण खिशातून बाहेर काढलं नाही. मेव्हण्याचा चेहरा बघून एवढी अक्कल त्यालाही आली. त्यानं निम्मा काढा उपसून कढईत घेतला. चुलीवर हलक्या आचेनं कोमट करायचा, श्योवातनं कोपर बुडवून मान हलवायची, मग मोन्सनं पिंपात परत ओतायचा, असं चाललं. त्याआधी हलकं झालेलं पिंप घडवंचीवर चढवलं, खाली मेंढीची कातडी घातली. एवढ्या वेळात मोन्स एकच वाक्य बोलला, की कोपर बरोबर सांगतं. श्योवातनं ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं, पण ऐकलं.

"आता ओरडायला हवं," श्योवात म्हणाला.

"मी ओरडते," गुन्वोर म्हणाली.

बाईनं ओरडायची आमच्याकडे रीत नाही. मोन्स तसं सांगणार होता, पण त्याच्या बहिणीनं बाह्या वर केल्या होत्या. घडवंचीच्या पायरीवर चढून तिनं पिंपात तोंड घातलं आणि जी आरोळी ठोकली, ती ऐकून मोन्सच्या हातातली बादली पडली. ओरडणं थांबेचना. डॉक्टरांच्या खोलीपासून, बटाट्यांपासून जे काही तिनं गिळून ठेवलं होतं ते सगळं तिनं पिंपात ओतलं. तळ्यापलीकडची कुत्री पिसाळल्यासारखी भुंकली. गुन्वोर खाली उतरली, पदराला पुसावा तसा चेहरा एप्रनला पुसला आणि म्हणाली की वाफ गेली डोळ्यात.

सकाळी फेस कोटाच्या बाह्यांतून बाहेर येत होता. श्योवातनं तो पळीनं काढून कापडावर वाळत घातला. पुढच्या खेपेचं विरजण म्हणून. पुढची खेप कसली, हे मनात आलं तेव्हा तो जरा थांबला.

बिअर फसफसून निवली की शेजारपाजाऱ्यांना चाखायला बोलवायचं असतं. तिथे नियम कडक आहे: पाहुण्याचा पेला रिकामा दिसला की यजमानानं भरायचा, आणि पाहुणा आपणहून उठेपर्यंत पिंपाला झाकण घालायचं नाही. श्योवातचा हिशेब साधा होता. आसपासची चार डोकी येतील, पेला-दोन पेले घेतील, बाकीची तळघरात जाईल. पण संध्याकाळी अंगणात गाड्या लागायला लागल्या. बर्फ सारणारा ड्रायव्हर आला, चर्चमधली गाणारी मंडळी झाडून आली, पाद्रीबाई आल्या. त्यांनी श्योवातच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद दिला आणि मग इतक्या प्यायल्या की त्यांना घरी पोचवायला तोच बर्फाचा ट्रक लागला. खारवलेलं मटण संपलं, सॉसेज संपले. मोन्स चार पेल्यांनंतर म्हणाला की अशी बिअर त्यानं जन्मात प्यायली नाही. श्योवात ओतत होता, फुगत होता आणि पुन्हा ओतत होता. शेवटची गाडी गेली तेव्हा त्यानं पिंपात दिवा धरून पाहिलं. तळाला गाळ होता.

मग त्याला शंका आली.

"एवढी माणसं कुणी बोलावली?"

"मी," गुन्वोर पेले विसळत म्हणाली. "अख्ख्या दरीला फोन केले. दोन दिवस तेच करत होते."

"ती माझ्या मयताची होती, गुन्वोर."

"माहीत आहे." तिनं पेला ठेवला. "मला भीती वाटते रे. तू सगळी तयारी करून निघालास तर परत कशाला येशील? आता घरात थेंब नाही. मेलास तर लोकांना मोन्सची पाजीन, आणि तीच पेटीतली, सांगून ठेवते."

श्योवात स्टुलावर बसला. मग त्यानं उठून तिच्या खांद्यावरचं फडकं घेतलं आणि पेले पुसायला लागला. त्या रात्री तो पायमोजे घालून झोपला.

मार्चमध्ये चूलघरातून धूर निघाला. घडवंची बाहेर काढलेली होती आणि मोन्स एका बाजूनं पिंप धरून उभा होता. दुसरी बाजू धरायला श्योवातला अजून परवानगी नव्हती, म्हणून तो छातीवरच्या नव्या टाक्यांवर शर्टाची गुंडी गळ्यापर्यंत लावून नुसता आज्ञा सोडत होता.