एक तास वजा

फरज बाकुबैर यांनी एडनच्या बंदरात तेहेतीस वर्षं समुद्र मोजला. काम दिसायला सोपं. धक्क्याच्या बावीस पायऱ्या उतरायच्या, पाण्यात रोवलेल्या खांबावरचा आकडा वाचायचा, वहीत लिहायचा. सकाळी सहा ते संध्याकाळी सहा, दर तासाला. पण पाणी स्थिर कधी असतं? तीन लाटा चढताना बघायच्या, तीन उतरताना, मग मधला आकडा धरायचा. एका लाटेवर भागवणारे पुष्कळ होते. फरज त्यांना कामगार म्हणत नसत.

पहिली एकवीस वर्षं नोकरी इंग्रजांची, पुढची बारा स्वतंत्र देशाची. निवृत्त होऊन पेन्शनचा अर्ज केला, तेव्हा कळलं की ती एकवीस वर्षं कोणाचीच नाहीत. लंडनहून उत्तर आलं : जागेवर राहिलेल्यांची जबाबदारी नव्या सरकारची. इथली कचेरी म्हणाली : आमची खरी, पण सेवा अखंड असेल तर. इंग्रज गेले एकोणतीस नोव्हेंबरला दुपारी. आमचा माणूस बंदरात आला एक डिसेंबरला सकाळी. मधे तुम्ही कोणाचे नोकर होता? आणि नुसत्या बारा वर्षांवर पेन्शन बसत नव्हतं.

बंदराची मोठी वही त्या धांदलीत गहाळ झालेली. पण फरज आधी पेन्सिलीनं खिशातल्या वहीत लिहीत, मग मोठ्या वहीत उतरवत. खिशातल्या वह्या बायकोनं, सलामानं, पिठाच्या रिकाम्या डब्यात जपल्या होत्या. हवी ती सापडली. दोन्ही दिवसांचे आकडे होते. फक्त एकोणतीस तारखेला चार वाजताची जागा कोरी.

"भरून टाक की!" शेजारचा हादी म्हणाला. "तीनचा आकडा आहे, पाचचा आहे. चारचा तू झोपेत सांगशील."

"सांगेन."

"मग अडलंय कुठं?"

"बघितला नाही."

सलामा चहात दूध ओतत होती. नवऱ्याला ती थोरल्या मुलाच्या नावानं, सईदचा बाप म्हणून, हाक मारी. "अबू सईद, एका आकड्यानं समुद्र आटणार आहे का? तेहेतीस वर्षं पाण्याकडे बघितलंत, आता जरा चुलीकडे बघा."

फरजनी पेन्सिलीला टोक काढलं. वही उघडली. मग पेन्सिल कानावर खोचली आणि वही तशीच घेऊन निघाले.

कचेरीतला अधिकारी मोहसिन तिशीच्या आतला. "अशा वह्या रोज येतात, काका," तो म्हणाला. "परवाच्या वहीची तर शाई ओली होती." पानं उलटता उलटता त्याचं बोट थांबलं.

"चार वाजता काय झालं?"

"समुद्र होता. मी नव्हतो."

"कुठे होतात?"

"टेकडीवर. गोरे जाताना बघायला."

"आणि पाचला परत?"

"भरती थांबते होय?"

मोहसिन हसला. "मीपण होतो टेकडीवर. शाळेची भिंत ओलांडून गेलो होतो." त्यानं पुन्हा एकदा त्या कोऱ्या जागेकडे बघितलं आणि अर्जावर लिहिलं : सेवा अखंड.

फरज वाकून वाचत होते. "चारचा तास?"

"त्याचं काय?"

"तो केला नाही. वजा करा."

"काका, या कागदात तासाचा रकानाच नाही."

"मग कडेला लिहा."

मोहसिननं कडेला लिहिलं. शिक्का मारला.

घरी सलामा दारातच उभी होती. "झालं का?"

"झालं. तेहेतीस वर्षं," फरज चपला काढत म्हणाले. "एक तास वजा."