बरी झालेली बाई

शेठाणीने माझ्या ब्लाउजमध्ये स्वतःच्या हाताने रुमाल कोंबला.

विचारलं नाही. दवाखान्याच्या ट्रस्टचा कार्यक्रम होता. हॉलच्या मागच्या खोलीत मला उभं केलं, पदर बाजूला केला, डावीकडे रिकामं होतं तिथे आधी एक रुमाल घातला, मग दुसरा. मग दोन पावलं मागे सरकून बघितलं. दुकानातल्या पुतळ्याला साडी नेसवून बघतात तसं.

"फोटोमां खराब लागे," ती म्हणाली. फोटोत वाईट दिसतं.

खोलीत ट्रस्टच्या आणखी बायका होत्या. रेशमी साड्या, गजरे. एकीने तोंड फिरवलं. बाकीच्या बघत राहिल्या. मी वर पंख्याकडे बघत होते. ऑपरेशनच्या जागेवरची कातडी मशीनचा शेक देऊन देऊन काळी पडली होती, कांद्याच्या सालीसारखी पातळ. रुमालाची शिवण तिथे टोचत होती. पण कशी बोलणार? शेठाणीमुळे मी जिवंत आहे, असं सगळे म्हणत होते. मीही म्हणत होते.

आम्ही साक्री तालुक्यातले. लग्न झालं आणि नवऱ्यामागे सुरतला आले. तो शेठच्या लूमच्या खात्यात, कापड विणायच्या कारखान्यात, यंत्रावर, मी त्याच खात्यात बॉबीन भरायला. डिंडोलीतली खोलीही शेठचीच. प्लेगच्या वर्षी सगळी वस्ती गाठोडी बांधून गावाकडे पळाली, तेव्हाही शेठने सांगितलं म्हणून आम्ही थांबलो, यंत्रं राखली. त्यानंतर वर्षभराने मला छातीत गाठ लागली. अंघोळ करताना. सुपारीएवढी. मी पुष्कळ दिवस लपवली. मग शेठाणीला कळलं आणि तिने मला त्यांच्या ट्रस्टच्या दवाखान्यात नेलं. एक छाती काढली. बाटल्या चढवल्या, केस गेले. मग शेक. पैसा एक लागला नाही. हे खरं आहे, मी नाकारत नाही.

पण त्याची किंमत काय, हे मला त्या हॉलमध्ये कळलं.

स्टेजवर खुर्च्या, हार, मोठे मोठे लोक. मोठे डॉक्टरसाहेब माईकवर बोलत होते. मला पुढे बोलावलं. त्यांनी माझं नाव घेतलं नाही. "आ बेन" म्हणाले. ही बाई शेठच्या खात्यात मजूर आहे, मरायला आली होती, आज बघा. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "हाथ ऊंचो करो. बधाने बतावो." हात वर करा, सगळ्यांना दाखवा.

मी डावा हात वर केला. खांद्यापर्यंत गेला आणि अडकला. काखेतून दोरी ओढावी तशी कळ गेली. लोकांना वाटलं मी नमस्कार करतेय. टाळ्या वाजल्या. फोटो निघाला.

शेठाणी कानाशी म्हणाली, "बोल, सारूं छे."

मी माईकमध्ये बोलले, "मला आता बरं आहे."

परत टाळ्या.

त्यानंतर दोन-तीन महिन्यांत हात सुजायला लागला. आधी बोटं. मग मनगट. बांगड्या रुतल्या, कासारणीने कापून काढल्या. हात दिवसभर जड, पाण्याने भरलेल्या हंड्यासारखा. बॉबीनच्या पेट्या उचलताना बोटं बधिर व्हायची. आणि पाठ. मध्यभागी, मणक्यात, एकाच जागी. काम करून दुखते तशी नाही. काम करून दुखलेली पाठ आडवं पडलं की सुटते. ही आडवं पडलं की जास्त ठणकायची.

हाताची मला फार भीती वाटायची. हात दिसत होता ना. वाटायचं, आजार काखेतून हातात उतरला. पाठीला मी पेट्यांचं ओझं समजत होते. रोज मोरीत दार लावून मी छातीवरच्या टाक्यांवरून बोटं फिरवायचे. इथे काही आहे का, तिथे काही आहे का. कधी वाटायचं आहे, कधी वाटायचं हाडच आहे. बाहेर पोरगी ओरडायची, "माय, कितला वेळ?" मी तोंडावर पाणी मारून बाहेर यायचे.

सांगायचं कोणाला? नवऱ्याला सांगितलं. तो घाबरला. घाबरला की चिडतो.

"त्यास्नी तुले वाचाडं," तो म्हणाला. "आते परत काय रडस? चूप ऱ्हाय."

मी दवाखान्यात गेले. तिथे बाकावर बसायला गेले आणि समोरच्या भिंतीवर मीच. मोठा फोटो, चौकट करून. अर्धा वर केलेला हात, भरलेली छाती, हसरं तोंड. मी हसले होते हे मला आठवतही नव्हतं. खाली गुजरातीत लिहिलेलं. पोरगी गुजराती शाळेत जायची, सोबत आली होती. तिने वाचून दाखवलं. लिहिलं होतं, आमच्याकडे बरी झालेली बाई.

त्या फोटोखाली मी हात मांडीवर घेऊन बसले. पदराखाली झाकून. एक नर्स आली, फोटोकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि हसली. "अरे, आप तो ठीक हो गए ना? फिर यहाँ?"

डॉक्टरसाहेबांच्या खोलीत शिकणारी पोरं उभी होती. मला पडद्याआड पाठवलं नाही. तिथेच ब्लाउज काढायला लावला. साहेब माझ्या छातीवर पेनाने दाखवून पोरांना इंग्रजीत सांगत होते. मी उघडी उभी. मध्येच त्यांना थांबवून मी म्हणाले, "साहेब, हात सुजतो. आणि पाठ दुखते, इथे." मागे हात नेऊन दाखवायला गेले, पोचला नाही.

साहेबांनी माझ्याकडे न बघता विचारलं, "स्टेज पे आपने ही बोला था ना, अच्छा है?"

"बोलले होते."

"तो? अब झूठ बोल रही हो या तब बोला?"

पोरं हसली. सगळी नाही. एक मुलगी हसली नाही, ती खाली बघत होती. साहेबांनी दुखण्याच्या गोळ्या लिहून दिल्या. मनातून काढून टाका म्हणाले. मग पोरांकडे वळून म्हणाले, ह्या लोकांना कामावर जायचं नसलं की असं होतं. हे त्यांनी हिंदीत सांगितलं. मला कळावं म्हणूनच.

मी ब्लाउजची बटणं लावत होते. सुजलेल्या बोटांनी बटण लागत नव्हतं. सगळे वाट बघत उभे होते, ही कधी जाते. अजून ते बटण आठवतं मला.

साहेबांनी शेठला फोन केला असावा. दुसऱ्या दिवशी खात्यात शेठ माझ्याजवळ येऊन उभा राहिला. "डॉक्टर बोलता है कुछ नहीं है. नाटक मत कर." आजूबाजूच्या बायका खाली माना घालून बॉबीन भरत राहिल्या.

मग मी गोळ्या गिळत राहिले आणि पेट्या उचलत राहिले. दुसऱ्या दवाखान्यात जावं तर माझे सगळे कागद ट्रस्टकडे. काम शेठचं. नवऱ्याचं काम शेठचं. डोक्यावरचं छप्पर शेठचं. आणि माझं दुखणंसुद्धा शेठचंच झालं होतं. ते आहे की नाही, हे ते ठरवणार. वाकताना मी भिंत धरायला लागले. पायांना झिणझिण्या यायला लागल्या. पोरगी विचारायची, मी म्हणायचे, चमक भरली. बरं आहे, बरं आहे, असं रोज बोलून माझी जीभ गुळगुळीत झाली होती.

दिवाळीच्या आधी पुन्हा निरोप आला. ट्रस्टच्या दवाखान्यात नवीन मशीन येणार होतं. अमेरिकेहून पाहुणे येणार, देणगी देणार. त्यांच्यासमोर मी बोलायचं.

मी नवऱ्याला म्हटलं, "मी जाणार नाही."

त्याने आधी दार लोटून घेतलं. मग म्हणाला, "खोली जाई. पोरगीले कोठे ठेवशी?"

तो वाईट माणूस नाही. त्याच्या गळ्यातही तीच दोरी होती.

मी गेले. मागच्या खोलीत शेठाणी रुमाल घेऊन उभीच होती. मी पदर घट्ट धरला. "नको," म्हणाले. तिने हात पुढे केला. मी तिचं मनगट धरलं. सुजलेल्या हाताने धरलं. आयुष्यात पहिल्यांदा मी तिला हात लावला. ती एवढी दचकली की रुमाल खाली पडला. मी तशीच, एका बाजूने सपाट, बाहेर निघाले.

खरं सांगते, तोपर्यंत मी काही ठरवलं नव्हतं. वाटत होतं, दोन शब्द बोलून निघून जाऊ. पण डॉक्टरसाहेब माईकवर म्हणाले, "अब बेन ख़ुद बताएँगी," आणि समोर ते पाहुणे इतक्या मायेने बघत होते. त्यांना काय दिसत होतं कोण जाणे. माझ्या पाठीत त्या वेळी कोणीतरी खिळा ठोकत होतं. तोंड उघडलं आणि नेहमीचं वाक्य आलंच नाही.

"मने सारूं नथी," मी म्हणाले.

डॉक्टरसाहेब हसून पुढे झाले. मी माईकची दांडी धरली.

"मला बरं नाही. माझा हात बघा." मी बाही वर केली. "पाठ दुखते. पाय बधिर होतात. साहेबांना सांगितलं. त्यांनी बघितलं नाही. खोटं बोलते म्हणाले. मी मागच्या वेळी खोटं बोलले होते, ह्याच जागेवर. मला बोलायला लावलं होतं."

माईक बंद झाला. मी बोलत राहिले. खात्यात यंत्रांच्या आवाजात आम्ही वीस वर्षं ओरडून बोलतो. मला माईकची गरज नव्हती. "पैसे तुम्ही दिले. जीव माझा आहे. तो कसा आहे ते मी सांगेन."

दोन माणसांनी मला दंडाला धरून खाली उतरवलं. शेठाणी जिन्यापाशी म्हणाली, "नमकहराम." एवढंच. मोठ्याने नाही.

दुसऱ्या दिवशी खात्याच्या दारातून मला परत पाठवलं. संध्याकाळी मुकादम खोली सोडायला सांगून गेला. नवरा माझ्याशी बोलेना. पोरगीशी बोलायचा, भिंतीशी बोलायचा, माझ्याशी नाही. त्याला पुढे दुसऱ्या खात्यात काम मिळालं, खोलीही मिळाली, पण त्या दिवसांत आम्हाला ते माहीत नव्हतं.

त्याच आठवड्यात ती न हसलेली मुलगी, शिकाऊ डॉक्टर, पत्ता शोधत वस्तीत आली. म्हणाली, "सरकारी दवाखान्यात माझ्या मैत्रिणीची ड्यूटी आहे. उद्या चला. उशीर करू नका." तिथे मला पडद्याआड नेलं. मणक्यावरून एकेक करून बोट दाबत ती मैत्रीण खाली आली आणि त्या जागेवर मी ओरडले. पाठीचा फोटो काढला.

तिने मला समोर बसवून सांगितलं. नवऱ्याला नाही, मला.

"हात सुजलाय तो आजार परतला म्हणून नाही. काखेतल्या गाठी काढल्या की असं होतं. हे तुम्हाला तेव्हाच सांगायला हवं होतं. ओझं उचलायचं नव्हतं." मग तिने पाठीचा फोटो उजेडात धरला. "पाठीचं मात्र तेच आहे. आजार हाडात गेलाय."

ज्याला मी भीत होते ते काही नव्हतं. ज्याला मी ओझं समजत होते ते होतं.

"आधी आले असते तर?" मी विचारलं.

"एवढं पसरलं नसतं कदाचित. खात्रीने नाही सांगता येणार."

"बरं होईल?"

"दुखणं कमी करता येईल. आजार जाणार नाही."

बाहेर नवरा उभा होता. मी त्याला जसंच्या तसं सांगितलं. तो भिंतीला टेकून खाली बसला. माझ्या तोंडाकडे बघत म्हणाला, "मी तुले चूप ऱ्हाय म्हने." मी म्हटलं, "हो. म्हणत होतात." त्याची समजूत मी काढली नाही. तेवढी ताकद मला माझ्यासाठी हवी होती.

सरकारी दवाखान्यात पाठीला मशीनचा शेक दिला. ठणका उतरला. आता काठी घेऊन चालते, बसून बसून भाजी निवडते, पोरगीची वेणी घालते. आजार आत आहे. मला माहीत आहे, पोरगीलाही माहीत आहे. मीच तिला सांगितलं.

ट्रस्टचा माणूस मध्ये येऊन गेला. शेठाणीची माफी माग, औषध पुन्हा चालू करू, म्हणाला. मी सांगितलं, "औषध द्या. ते देणगीदारांनी आजाऱ्यांसाठी दिलंय, मी आजारी आहे. माफी मिळणार नाही." तो चहा न पिता गेला. औषध आलं नाही. मी सरकारी दवाखान्याच्या रांगेत उभी राहते.

त्या रांगेत परवा एक परभणीकडची बाई होती. बांधकामावर विटा वाहणारी. हात पदराखाली. मी विचारलं, सुजलाय का? ती म्हणाली, "कोणाला सांगू नका बाई. इथले डॉक्टर रागावतील." मी तिचा पदर बाजूला केला नाही. तिला विचारलं, तुझ्याबरोबर आत येऊ का. ती हो म्हणाली.

आत डॉक्टर कागदावर लिहीत होता, मान वर न करता. तिचं बोलणं अर्ध्यात तोडून त्याने पुढच्या बाईला हाक मारली. ती उठायला लागली. मी तिचा खांदा दाबून तिला खाली बसवलं.

"तिचं सांगून झालेलं नाही," मी म्हणाले. "आधी ऐका. मग लिहा."

तो चिडला. तुम्ही कोण, म्हणाला. मी काठी टेकून उभी राहिले, आणि तो मान वर करून तिच्याकडे बघेपर्यंत तिथून हलले नाही. उद्या दुसरी असेल, तिच्याबरोबरही आत जाईन. उभं राहता येईल तोवर उभी राहीन. नंतर खाटेवरून ओरडेन. माझ्या दुखण्याबद्दल खोटं आता माझ्या तोंडून कोणी वदवून घेणार नाही. शेठ नाही, डॉक्टर नाही, घरचा माणूसही नाही.